सावलीत बांधलेली शेळी

शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावी दुष्काळात चारा संपला, की शेळ्या घाणेरीला तोंड लावत. मग पांढऱ्या शेळीचे कान सुजत, नाकाडावरची कातडी उलत असे. काळी मात्र बचावे. आजी आजारी शेळीला दिवसभर अंधाऱ्या गोठ्यात बांधी. तिच्या सासूनेही तेच केलं होतं. कारण मला पुष्कळ उशिरा, कॉलेजात कळलं. घाणेरीच्या विषाने यकृत बिघडतं. चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून पोटात तयार होणारं फायलोएरिथ्रिन मग पित्तावाटे बाहेर न पडता रक्तात साठतं आणि कातडीवर ऊन पडलं की प्राणवायूला चेतवून तिथल्या पेशी जाळतं.

म्युनिकच्या ऑस्कर राब या वैद्यकीय विद्यार्थ्याला हीच गोष्ट योगायोगाने सापडली. अ‍ॅक्रिडीनच्या द्रावणात पॅरामेशियम किती वेळात मरतात, हे तो मोजत होता. द्रावण तेच, आकडे मात्र वेगळे. वादळी, अंधारलेल्या दिवशी जीव जास्त तगले, तेव्हा उलगडा झाला. १९०० साली हे छापून आलं. १९०३ मध्ये त्याचे गुरू टॅपायनर यांनी त्वचेच्या कर्करोगावर इओसिन लावून प्रकाश टाकला. पुढे १९१२ मध्ये मेयर-बेट्झ या डॉक्टरने रक्तातल्या रंगद्रव्यापासून केलेलं हिमॅटोपॉर्फिरिन स्वतःलाच टोचून घेतलं. उन्हात त्याचा चेहरा सुजला. (अगदी आमच्या शेळीसारखा.)

हरितद्रव्यापासून केलेल्या टालापॉर्फिनला जपानमध्ये मान्यता मिळायला २००३ उजाडलं. तेही फुफ्फुसाच्या सुरुवातीच्या कर्करोगासाठी: औषध शिरेतून, लाल लेसर दुर्बिणीतून.

हे सगळं मी दौंडच्या काकांना रंगवून सांगितलं, ही माझी चूक. त्यांच्या गालात आतून गाठ होती. ते हळदीचं दूध पिऊन उन्हात बसू लागले. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत प्रकाशाच्या मदतीने पेशी मारतं, हे खरं. पण प्यायलेलं कर्क्युमिन रक्तात फारसं उतरत नाही आणि त्याला लागणारा निळा प्रकाश मांसात जेमतेम मिलिमीटरभर शिरतो. यात दोन महिने गेले.

आता किरणोपचारांसाठी आम्ही दोघं सकाळच्या गाडीने दौंडहून पुण्याला जातो. परवा केडगाव गेल्यावर त्यांनी विचारलं, "ती शेळी वाचली होती का रे?"

वाचली होती. कान गळून पडले होते, ते मी सांगितलं नाही.