कुंपणात धरलेले उत्तर

उज्जैनला देवास गेटच्या बस स्टँडवरून रिक्षा केली की क्षिप्रेकाठच्या जयसिंहपुऱ्यातली वेधशाळा फार लांब नाही. जयपूरच्या सवाई जयसिंहाची ही अठराव्या शतकातली यंत्रे १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतली. त्या कामामागे ज्योतिर्विद गोविंद सदाशिव आपटे होते.

उज्जैनचे रेखावृत्त शून्य मानणाऱ्या ज्योतिषात एक पेच नेहमीचा. सूर्यग्रहणाची वेळ काढायला लंबन, म्हणजे पाहणाऱ्याच्या जागेमुळे चंद्राच्या दिसण्यात पडणारा फरक, हवे, आणि लंबन काढायला वेळ हवी. मग अंदाजे वेळ धरायची, तिच्यावरून लंबन, लंबनावरून नवी वेळ, आणि आकडा हलेनासा होईपर्यंत पुन्हा तेच. हे असकृत्कर्म. भास्कराचार्यांच्या ११५०च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तही ते आहे. पण आकडा थांबला, तरी खऱ्या उत्तरापासून किती अंतरावर थांबला? ते गणित सांगत नाही.

हे झाले एक घराणे; दुसरे आर्किमिडीजचे. त्याने वर्तुळाच्या आत आणि बाहेर ९६ बाजूंच्या आकृत्या काढून पाय (π) २२३/७१ आणि २२/७ यांच्यामध्ये कोंडला. नेमके उत्तर नाही, पण कुंपण पक्के.

दोन्ही घराण्यांची सोयरीक जुळवली ती संगणकाने. तो प्रत्येक पायरीला शेवटचे अंक छाटतो, आणि चूक साचत जाते. १९५६मध्ये पोलंडात वार्मुस, १९५८मध्ये जपानात सुनागा आणि पुढे अमेरिकेत रॅमन मूर यांनी एका आकड्याऐवजी दोन टोकांवर गणित मांडले. मूर यांचे पुस्तक १९६६चे.

ग्रहाच्या गतीचे केप्लरचे समीकरण घेऊ: क्ष = १ + ०.१ × ज्या क्ष (ज्या म्हणजे साइन, कोन रेडियनमध्ये). ज्या शून्य ते एकमध्ये असेल, तर क्ष १ ते १.१मध्ये. ही टोके परत घातली की १.०८४१ ते १.०८९२. आणखी एकदा, १.०८८३ ते १.०८८७. खालचे टोक नेहमी खाली छाटायचे, वरचे वर. तेवढी शिस्त पाळली तर उत्तर निसटत नाही.

एक खोड मात्र आहे. ० ते १ या टप्प्यातून तोच टप्पा वजा केला, तर हे गणित शून्य देत नाही, −१ ते १ देते. कुंपण विनाकारण फुगते. म्हणून मूर यांनी न्यूटनची रीत टप्प्यांवर बसवली, १९६९मध्ये क्रावचिक यांनी तिला वेगळे रूप दिले. या रीतींचा मला सर्वांत आवडणारा गुण वेगळाच: नवा टप्पा जुन्याला कुठेच शिवला नाही, तर तिथे उत्तर नाही, हे सिद्धच होते.