काचेतील समुद्र आणि मोरचूद

काचेच्या पेटीत समुद्र भरून तो दिवाणखान्यात ठेवण्याची हौस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडात उपजली. बंद पात्रात मासे आणि पाणवनस्पती यांचे प्रमाण जुळले, म्हणजे पाणी न बदलताही दोघांचा निर्वाह चालतो, असे रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली दाखवून दिले. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि सुखवस्तू घरांतून समुद्रफुले व झिंगे नांदू लागले. पाण्याचे रसायन साधले, तेव्हा समुद्रच हाती आला, असा साऱ्यांचा समज झाला. पण समुद्राचा एक गुण काचेत मावत नाही. तो म्हणजे त्याची अफाटता.

खुल्या समुद्रातल्या माशांच्या अंगावरही परोपजीवी जीव असतातच. मात्र माशापासून गळून पडलेल्या एका जीवाची शेकडो पिल्ले जेव्हा नवा आश्रय शोधीत निघतात, तेव्हा त्यांतली बहुतेक पाण्याच्या त्या विस्तारात वाया जातात. पेटीत तसे होत नाही. तिथे मासा चार वितींवर असतो आणि त्याला पळून जायला वाट नसते. म्हणून जो उपद्रव समुद्रात किरकोळ, तोच पेटीत साथीचे रूप घेतो. माणसाने काच उभारली आणि रोगाला घर मिळाले, असे म्हटले तरी चालेल.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १९२४ साली नवे, भव्य मत्स्यालय उभारले. तेथील उष्ण कटिबंधातील मासे काही वर्षांतच मरू लागले. त्यांच्या कल्ल्यांवर आणि त्वचेवर बारीक भुकटी पसरल्यासारखी दिसे, श्वास धापा टाकल्यासारखा चाले. ई. एम. ब्राउन यांनी १९३१ मध्ये या भुकटीचा उलगडा केला. तो शेवाळाच्या दूरच्या कुळातला एक सूक्ष्मजीव होता. त्याला ऊडिनियम हे नाव मिळाले; पुढे १९४६ मध्ये त्याचे अ‍ॅमायलोऊडिनियम झाले. ब्राउन यांनी १९३४ मध्ये आणि न्यूयॉर्क मत्स्यालयातील रॉस निग्रेली यांनी १९३६ मध्ये त्याचा जीवनक्रम तपशीलवार मांडला. हा जीव मुळांसारखे तंतू कल्ल्यात रुतवून पोट भरतो, मग गळून तळाशी जातो, अंगाभोवती कोश करतो आणि कोशात दुभागत दुभागत दोनशेंच्या वर पोहणारी पिल्ले तयार करतो. कोमट पाण्यात हे चक्र आठवड्याभरात पुरे होते.

याच ब्राउन यांनी १९५१ साली दुसऱ्या शत्रूचे नामकरण केले: क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स. जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ सालीच त्याची नोंद केली होती. माशाच्या अंगावर मिठाचे खडे शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके उमटतात, ते याचेच. गोड्या पाण्यातील माशांना असेच ठिपके आणणारा एक जीव फुके या फ्रेंच संशोधकाने १८७६ मध्ये वर्णिला होता. दोघांचे रूप आणि रीत इतकी सारखी की, त्यांना सख्खे भाऊ मानले गेले. अलीकडच्या आनुवंशिक तपासणीत मात्र त्यांचे नाते फार दूरचे निघाले. क्रिप्टोकॅरिऑन त्वचेच्या वर बसत नाही, तिच्या आत शिरतो. बाहेरून लावलेले औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही, ते यामुळे. न्यूयॉर्क मत्स्यालयात त्याने घातलेल्या थैमानाचा वृत्तान्त निग्रेली यांनी जॉर्ज रुजिएरी या जेझुइट धर्मगुरू-शास्त्रज्ञाबरोबर १९६६ मध्ये प्रसिद्ध केला.

मग उपाय कोणता? सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातील रॉबर्ट डेम्प्स्टर यांनी १९५५ साली ऊडिनियमवर जो इलाज प्रसिद्ध केला, तो द्राक्षबागाईतदारांच्या रोजच्या परिचयाचा आहे. तो म्हणजे मोरचूद. पण त्याचे माप सोनाराच्या काट्याला लाजविणारे. हजार लिटर पाण्यात तांब्याचा अंश ०.१५ ते ०.२० ग्रॅम एवढाच राहायला हवा. त्याहून कमी पडला तर परोपजीवी तगतो, बराच वाढला तर माशाचे कल्लेच जळतात. त्यात आणखी एक अडचण अशी की, पेटीच्या तळाशी प्रवाळाची वाळू किंवा शिंपल्यांचा चुरा असला, म्हणजे त्यातील चुना तांबे ओढून घेतो. सकाळी घातलेले माप संध्याकाळी खरे राहत नाही. शिवाय प्रवाळ, गोगलगाई, झिंगे यांना तांबे म्हणजे साक्षात विष. तेव्हा आजारी माशाला वेगळ्या, उघड्या तळाच्या टाकीत न्यायचे आणि रोज पाणी तपासायचे, हा शिरस्ता पडला. आणि एवढे करूनही तांबे मारते ते केवळ पोहणाऱ्या पिल्लांना. माशावर बसलेला किंवा कोशात दडलेला जीव त्याला दाद देत नाही. म्हणून दोन-तीन आठवडे माप ढळू न देता वाट पाहावी लागते. हिवतापावरील क्लोरोक्वीन हे १९३४ साली जर्मनीत तयार झालेले औषधही १९८० नंतरच्या दशकात ऊडिनियमवर योजण्यात आले. तेही पिल्लांनाच गाठते.

सर्वांत चतुर तोड निघाली ती औषधावाचून. इस्रायलमधील एलात येथे मत्स्यसंवर्धनाचे काम करणारे आंजेलो कोलोर्नी यांनी १९८० नंतरच्या दशकात क्रिप्टोकॅरिऑनचे दिवस मोजले. तो माशावर साधारण तीन ते सात दिवस राहतो, बहुधा अंधारात गळून पडतो आणि तळाशी कोश करतो. त्या कोशातून पिल्ले बाहेर यायला निदान तीन दिवस लागतात. मग दर तीन दिवसांनी मासा नव्या, कोरड्या करून भरलेल्या टाकीत हलविला तर? गळलेले जीव मागे राहतात आणि ते फुटतात तेव्हा टाकी रिकामी असते. असे चार वेळा केले की मासा निर्मळ होतो. ना तांबे, ना गोळी; खर्च दोन टाक्यांचा आणि पंचांगासारख्या नेमाचा.

राहते ती मूळची पेटी. तिच्यातील काही कोश आळशी असतात. ते तब्बल ७२ दिवसांनीही फुटल्याचे आढळले आहे. म्हणून जाणते लोक माशांना दुसरीकडे ठेवून प्रवाळ आणि झिंगे तेवढे जागच्या जागी राहू देतात आणि ते अडीच महिने पेटीत एकही मासा सोडीत नाहीत.