गुलाब कुंडीत लावावा की जमिनीत?

नर्सरीतून फुलांनी लगडलेलं गुलाबाचं रोप घरी येतं आणि दोन-तीन महिन्यांत त्याच्या नुसत्या काड्या उरतात. मग 'आमच्याकडे गुलाब जगतच नाही' असं म्हणून अनेकजण नाद सोडून देतात. खरं तर बऱ्याचदा रोप चांगलंच असतं. चुकते ती जागेनुसार घ्यायची काळजी.

फरक मुळांचा आहे

जमिनीतलं झाड मुळं लांबवर पसरवून ओलावा आणि अन्न शोधतं. एकदा नीट रुजलं की दोन-चार दिवस पाणी चुकलं तरी ते तग धरतं. कुंडीतल्या मुळांच्या वाट्याला मात्र मोजकीच माती येते. उन्हाळ्यात कुंडीच्या कडा तापतात, माती भराभर सुकते आणि पाण्याबरोबर खतही तळाच्या भोकातून वाहून जातं. थोडक्यात, कुंडीतला गुलाब पूर्णपणे माणसाच्या भरवशावर जगतो.

जमिनीत लावताना

दीड ते दोन फूट खोल खड्डा घेऊन मातीत कुजलेलं शेणखत मिसळावं. काळी चिकण माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. अशा ठिकाणी वाफा उंच करावा. वेली गुलाबांना आणि मोठ्या वाढणाऱ्या जातींना जमीनच मानवते. मात्र जागा आधीच विचार करून निवडावी, कारण मोठं झालेलं झाड हलवणं अवघड असतं.

कुंडीत लावताना

कुंडी किमान 12 इंची आणि तळाला भोकं असलेली हवी. खालच्या बशीत साचलेलं पाणी ओतून टाकावं. बोटभर खोल माती तपासून, कोरडी लागली तरच पाणी द्यावं. कडक उन्हाळ्यात हे रोज करावं लागतं. खत एकदम न देता थोडं थोडं द्यावं आणि साधारण दोन वर्षांनी माती बदलावी. कुंडीचा मोठा फायदा म्हणजे ती उन्हाप्रमाणे हलवता येते आणि मुसळधार पावसात आडोशाला ठेवता येते. मिनिएचर गुलाब कुंडीत छान फुलतात.

दोन्हीकडे लागू

रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतंच. महाराष्ट्रात पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी करतात. नर्सरीतली बरीच रोपं डोळा भरून तयार केलेली असतात. डोळा भरलेल्या जागेच्या खालून आलेले फुटवे काढून टाकावेत, नाहीतर खालचं रानटी खुंट जोर धरतं आणि वरचा गुलाब मागे पडतो.

मग निवड कशी करायची?

अंगण असेल आणि पाण्याचा निचरा चांगला होत असेल, तर जमीनच बरी. बाल्कनीत पुरेसं ऊन असेल आणि गावाला गेल्यावर पाणी घालणारं कुणी असेल, तर कुंडीही झकास. पण बाल्कनीत ऊनच येत नसेल, तर कितीही खत घाला, गुलाब फुलणार नाही.