केशवपन
केशवपन : डोक्यावरील केस वस्तऱ्याने पूर्णपणे काढण्याचा विधी. चौल, तीर्थयात्रा, अशौच इ. प्रसंगी केलेले पुरुषांचे वपन तात्पुरते असे. महाराष्ट्रात मुख्यत्वे ब्राह्मण विधवांना मात्र ते आजन्म सोसावे लागे. अनेकदा त्या वयाने बालिकाच असत. सकेशा विधवेस धर्मकृत्यांत स्थान नसे. १८५६ च्या कायद्याने विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता दिली; तथापि केशवपन त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

केस पुन्हा वाढत असल्याने या रूढीला न्हाव्याचे साहाय्य वारंवार लागे. हे मर्म ओळखून सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढाकार घेतला व १८९० मध्ये मुंबईतील न्हाव्यांनी विधवांचे वपन न करण्याचा निर्धार केला. गो. ग. आगरकरांनी ‘सुधारक’ पत्रातून या रूढीवर प्रखर टीका केली. ह. ना. आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीत यमूच्या सक्तीच्या वपनाचे चित्रण आहे. धों. के. कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात स्थापिलेल्या अनाथ बालिकाश्रमासारख्या संस्थांमुळे विधवांना शिक्षण व स्वावलंबनाचा मार्ग लाभला. विसाव्या शतकात ही रूढी क्रमाने लोपली. तिच्या निर्मूलनात सुधारकांच्या लेखणीइतकाच, वस्तरा खाली ठेवणाऱ्या कारागिरांचाही वाटा आहे.