मिरजेची गाडी, नांदेडची वाट

मोबाइल इथंच ठेव. आपण जिथं निघालोय तिथं त्याचा उपयोग नाही. जीन्स काढून सुती पातळ नेस, केसांची घट्ट वेणी घाल. पत्र्याच्या ट्रंकेत दोन जोड कपडे, बायबल, 'उपासना संगीत' आणि मॅट्रिकचा दाखला ठेव. दाखला सगळ्यात खाली, कपड्यांच्या घडीत. तो हरवला तर पुढचं सगळंच थांबेल.

जून 1957. लातूरचं स्टेशन. फलाटावरून खाली पाहिल्यावर तू थबकतेस. दोन रुळांत जेमतेम अडीच फुटांचं अंतर! ही बार्शी लाईट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी एवढा तुकडा सुरू केला. 1911 मध्ये गाडी लातूरला आली आणि 1927 मध्ये दुसरं टोक मिरजेला पोचलं. 1954 पासून ही लाईन सरकारची झाली आहे, तरी तिचं नाव लोकांच्या तोंडून जात नाही. मालधक्क्यावर कापसाच्या गासड्या रचलेल्या आहेत. कोळशाचा धूर घशात बसतो.

खिडकीतला बाबू नव्या पैशांत हिशोब सांगतो आणि रांगेतली माणसं गोंधळतात. एप्रिलपासून आणे गेले, रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. तुझ्या आजीला हेही पटत नाही, ती अजून हाली सिक्क्यात बोलते. निजामाचं राज्य जाऊन नऊ वर्षंही झालेली नाहीत. गेल्या नोव्हेंबरात मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. लातूर अजून जिल्हा नाही, उस्मानाबाद जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव आहे. तुझे वडील याच लाईनीवर गँगमन आहेत. रुळांखालची खडी ठोकण्यात त्यांची उमर गेली, पण या रुळांवरून मिरजेपर्यंत ते स्वतः कधी गेलेले नाहीत. "पोचल्यावर कार्ड टाक," ते एवढंच म्हणतात. आई ट्रंकेवर हात ठेवून प्रार्थना करते आणि पाळकसाहेब तुझ्या हातात मिरजेच्या मेट्रनला लिहिलेलं पत्र देतात. तू त्यांना सलाम करतेस आणि गाडीत चढतेस.

तुला विचारावंसं वाटेल, मिरजच का? आजूबाजूला बघ. लातुरात अजून कॉलेज नाही, दयानंद कॉलेज निघायला 1961 उजाडणार आहे. नांदेडला पीपल्स कॉलेज आहे, 1950 मध्ये सुरू झालेलं, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेलं. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाचं काम सुरू केलं. दोन्ही तुझ्यापासून दूर, आणि गँगमनच्या पगारात मुलीच्या फीचा आणि खोलीभाड्याचा मेळ बसत नाही. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकवतात, राहण्याजेवणाची सोय आहे आणि शिकून झालं की पोट भरेल असा हुन्नर हातात येतो. मराठी ख्रिस्ती घरांतल्या कितीतरी मुली अशाच निघाल्या. त्यांच्यावर म्हणावं तसं लिहिलं गेलेलं नाही. नवऱ्याच्या किंवा भावाच्या सोबतीशिवाय परगावी जाऊन राहणाऱ्या, रात्रपाळी करणाऱ्या, पगार स्वतःच्या हातात घेणाऱ्या त्या मुली होत्या, आणि हे त्यांनी कोणताही झेंडा न उचलता केलं.

गाडी हलते. हरंगुळ, मुरूड, ढोकी. पहिला पाऊस पडून गेलेला आहे, काळी रानं फुगून आली आहेत आणि पाभरी जुंपलेल्या आहेत. येडशीपाशी रान बदलतं. रामलिंगच्या घाटात गाडी वळत उतरू लागते, दोन्ही बाजूंना झाडी दाटते आणि खिडकीतून हात काढला तर पानं लागतील असं वाटतं. सपाट लातुरात वाढलेली तू खिडकी सोडत नाहीस. डोंगर, उतार, खाली दिसणारी ओढ्याची रेघ हे सगळं तू भूगोलाच्या पुस्तकात वाचलंस, पाहतेस आज. छाती भरून येते ती भीतीने की आनंदाने, हे तुला धड कळत नाही. घाटात थंड वारा येतो आणि धुरालाही ओल्या पाल्याचा वास लागतो.

बार्शीला डबा भरतो. आषाढी जवळ आली आहे. पायी दिंडीला जाणं न झालेली, गुडघे दुखणारी म्हातारी माणसं गाडीने पंढरपूरला निघाली आहेत. टाळ, पताका, गाठोडी. तुझ्या शेजारी एक आजी येऊन बसते.

"कुण्या गावची गं लेकी?"

"लातूरची."

"आन् एकटी कुठं निगालीस?"

"मिरजेला. मिशनच्या दवाखान्यात. नर्सिंग शिकायला."

तुझं नाव ऐकून आणि गळ्यात पोत नाही हे बघून ती काय ते समजते. काही वेळ गप्प बसते. मग म्हणते, "माझ्या जावंचा डोळा मिरजंतच उघडला. मोतीबिंदू होता. गोऱ्या डाक्टरानं काढला." हा गोरा डॉक्टर बहुधा विल्यम वानलेस. कॅनडातून आलेला, 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभं करणारा, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी खेड्यापाड्यांत माहीत असलेला. तो वारला 1933 मध्ये. आजी मात्र त्याच्याबद्दल काल भेटल्यासारखी बोलते. मग गाठोडं सोडते, ज्वारीची भाकरी मोडून अर्धी तुझ्यापुढे धरते आणि डब्यात भजन सुरू होतं.

इथं तू जरा घुटमळतेस, म्हणून थांबून सांगतो. ओठ हलवायचे की नाहीत, हा प्रश्न तुझ्याआधी अनेकांना पडलाय. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांनी ख्रिस्ती कीर्तनं केली, अभंग रचले, आणि तुझ्या ट्रंकेतल्या 'उपासना संगीता'त त्यांची गीतं आहेत. तुझ्या प्रार्थनेची चाल आणि या डब्यातल्या भजनाची चाल एकाच मातीतली आहे. तुला कुणाची परवानगी घ्यायची गरज नाही. हवं तर ताल धर, नको तर भाकरी खा.

कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ उभी राहते. इथं मुंबई–मद्रासची मोठी लाईन आडवी जाते आणि आपल्या या छोट्या इंजिनांचा कारखानाही इथंच आहे. मोडनिंब जातं, भीमेचा पूल येतो आणि पंढरपूरला डबा रिकामा होतो. आजी उतरताना तुझ्या डोक्यावर हात ठेवते. सांगोला, कवठे महांकाळ, आरग. मिरज येतं तेव्हा तुझं अंग कोळशाच्या कणांनी भरलेलं असतं.

पुढचे महिने भराभर जातात. आधी प्रोबेशनर, मग कॅप. पहाटे उठणं, बेडपॅन, मलमपट्टी, मराठीतून विचार करत इंग्रजीत लिहिलेल्या नोट्स. रविवारची ड्यूटी लागली तर चर्च चुकतं आणि पहिल्यांदा तू त्यासाठी रडतेस. नंतर तुला कळतं की वॉर्डात रात्री तीन वाजता म्हाताऱ्याचं पांघरूण नीट करणं हाही उपासनेचाच भाग आहे. सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर दंडोबाच्या डोंगरावर जातेस. पातळाचा काष्टा मारून चढतेस. वरून कृष्णेकडचा हिरवा पट्टा दिसतो आणि त्याच्या उलट दिशेला कवठ्याकडचं कोरडं रान. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला वाट बघणं. ही दुसरी बाजू तुझ्या ओळखीची आहे.

आता छत्तीस वर्षं पुढं ये. वय अठराच राहू दे.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. तू नांदेडच्या वसतिगृहात आहेस. पलंग हलतो, खिडकीची तावदानं वाजतात. आदल्या रात्री अनंत चतुर्दशी होती. किल्लारी, सास्तूर भागातली माणसं गणपती बोळवून उशिरा झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं. उन्हाळ्यात थंड राहणारी ती घरं काही सेकंदांत माणसांवर बसली. जवळजवळ 8 हजार लोक गेले.

तू कॉलेजच्या मुलांबरोबर लातूरमार्गे निघतेस. पाऊस लागलाय आणि औशाच्या पुढं रस्ता गाड्यांनी भरलाय. किल्लारीत काय दिसलं, ते मी तुला पुन्हा दाखवणार नाही. तुझ्याकडे काम दिलंय ते याद्यांचं: कोण आहे, कोण नाही, कुणाला काय हवंय. एक बाई नाव सांगताना नवऱ्याचं, सासूचं, पोरांचं सांगते आणि शेवटी स्वतःचं विसरते. तू वही मिटून तिच्याजवळ बसतेस. कुणी तुला जात विचारत नाही, धर्म विचारत नाही. फक्त विचारतात, "लातूरची का?" तू हो म्हणतेस.

याच मातीत पुढं एक गोष्ट घडली आणि मला ती फार मोलाची वाटते. घरांच्या दुरुस्तीचं काम गावोगाव पोचवायला 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावातल्या बायकांनाच संवाद सहायक म्हणून पुढं आणलं. उंबऱ्याबाहेर ज्यांचं नाव कुणी घेत नव्हतं, त्या बायका भूकंपात टिकणाऱ्या भिंतीत काय काय लागतं हे गवंड्याला विचारू लागल्या, अधिकाऱ्यासमोर खुर्चीवर बसू लागल्या. मिरजेच्या त्या नर्सा आणि या बाया यांच्यात मला नातं दिसतं. उघड्यावर येणं हीच दोघींची संधी होती.

आणखी पुढं. एप्रिल 2016. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलंय. लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावली होती. तुझ्या आईच्या घरात घागरींना कुलूप लावायची वेळ आली आहे. 12 एप्रिलला पहाटे लातूर स्टेशनात एक गाडी शिरते. 10 वाघिणी, प्रत्येकीत सुमारे 50 हजार लिटर, मिळून 5 लाख लिटर पाणी. वाघिणी राजस्थानातल्या कोट्याहून धुऊन आणलेल्या, पाणी भरलेलं मिरजेत, कृष्णेचं. अडीच फुटी रूळ जाऊन तिथं मोठे रूळ आलेत आणि वाट येडशीपासून उस्मानाबादकडे वळलीय, पण टोकं तीच आहेत. ज्या नदीकडे 1957 ची ती मुलगी डोंगरावरून बघत होती, तीच नदी तिच्या गावाला आली. लोकांनी इंजिनाला हार घातले. तूही तिथं उभी आहेस, हातात रिकामी कळशी.

आता परत तुझ्या स्वतःच्या दिवसात. नांदेड. 17 सप्टेंबर 1994 ला स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आता तुझ्या शिक्क्यावर आहे. पदवीसाठी हैदराबादकडे किंवा औरंगाबादकडे तोंड करून बसावं लागत नाही. एनएसएसच्या गटाबरोबर तू आदिलाबादच्या गाडीत बसली आहेस. मुदखेड, भोकर, हिमायतनगर मागे पडतात आणि किनवटचा साग सुरू होतो. श्रावणातली पैनगंगा सहस्रकुंडाला काळ्या कातळावरून फुटून खाली कोसळते. आवाज इतका की शेजारच्या मुलीचं बोलणं ऐकू येत नाही. पलीकडचा काठ यवतमाळ जिल्ह्याचा. कातळ ओला आहे, शेवाळ आहे. सर ओरडून सांगतात की कडेला कुणी जायचं नाही, सेल्फीसाठी तर नाहीच. त्यांचं ऐक. पाण्याला तुझं वय कळत नाही.

आज रविवार आहे. लातूरच्या चर्चमध्ये आत्ता स्तोत्र सुरू झालं असेल आणि तुझी जागा रिकामी असेल. पाळकसाहेब पुढच्या आठवड्यात विचारतील, रागाने नाही, पण विचारतील. पडणाऱ्या पाण्यासमोर तू मनातल्या मनात एक गीत म्हणतेस, पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत. मग तुझा ग्रुपलीडर, एनसीसीचा मुलगा, उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेबद्दल सांगतो. 1965 मध्ये सुरू झालेली संस्था, 28 दिवसांचा बेसिक कोर्स, दोर, बर्फ, खांद्यावर वजन. मुली जातात का, तू विचारतेस. "दर वर्षी जातात," तो म्हणतो. "आपल्याकडच्या कमी."

परतीच्या गाडीत रेंज आल्यावर तू पप्पांना फोन लावतेस.

"काय करलालीस?" ते विचारतात.

तू सगळं एका दमात सांगतेस. पलीकडे शांतता. मग नेहमीचे प्रश्न येतात. खर्च किती? सोबत कोण? परीक्षेचं काय? 28 दिवस म्हणजे चार रविवार, तिथं चर्च आहे का? तू प्रत्येकाचं उत्तर देतेस, आणि चर्चचं विचारल्यावर सांगतेस की माहीत नाही, पण आम्ही दोघीतिघी असलो तर तंबूत वाचन करू.

"तुझी पणजी मिरजेला गेली तव्हा तिच्या बापानं पैसे उसने काढले होते," ते म्हणतात. "आई सांगायची. मला वाटलं होतं, आता तसं काढावं लागणार नाही."

"लागणार नाही पप्पा. मी दिवाळीच्या सुट्टीत क्लासवर शिकवते. निम्मे माझे."

"निम्मे कशाला? बूट कितीला येतेत ते आधी बघ. चांगले घे. पायाला फोड आले तर कोर्स अर्ध्यात सोडून येशील."

हिमायतनगर येतं. तू वही उघडून कोर्सच्या अर्जासाठी लागणाऱ्या कागदांची यादी करू लागतेस: वैद्यकीय दाखला, पालकांची संमती, कॉलेजचं पत्र.