अरुंद जागा कुठे आहे?



आमच्या वऱ्हाडातली शकुंतला रेल्वे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ऐकून तरी माहीत असेल. किलिक निक्सन कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी आणलेली ही गाडी. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. आता ती बंद आहे. तिचे रूळ अडीच फुटी आणि मूर्तिजापूरला भेटणारी मुंबई-नागपूर लाइन साडेपाच फुटी. त्यामुळे यवतमाळची कापसाची गाठ मूर्तिजापूरला एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावी लागे. पुढची लाइन कितीही रुंद असली तरी गाठीला त्या फलाटावर थांबणं भागच होतं.

विषय घरातल्या राउटरचा आणि सुरुवात शकुंतलेपासून, म्हणून हसू नका. एका खोलीतल्या संगणकावरून दुसऱ्या खोलीतल्या संगणकावर फाइल पाठवताना ती रखडते, तेव्हा कुठेतरी असंच एक मूर्तिजापूर असतं. ते न शोधता माणसं भलतीकडेच पैसे घालतात.

हे दुखणं जुनं आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यातली जोडणी अचानक मंदावली. अंतर जेमतेम चारशे यार्ड. वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन या संशोधकाने कारण शोधलं. तार धडधाकट होती. पण गर्दीत एखादं पाकीट हरवलं की पाठवणारा संगणक ते पुन्हा पाठवी, त्याने गर्दी आणखी वाढे आणि आणखी पाकिटं हरवत. यात्रेच्या बसला सगळ्यांनी एकदम दारात घुसावं, तसं. १९८८ साली त्याने उपाय प्रसिद्ध केला : आधी थोडं पाठवा, पोच मिळाली की हळूहळू वाढवा, पाकीट हरवलं तर हात आखडता घ्या. तार रुंद न करता वाहतूक सुरळीत झाली. तुमच्या-आमच्या संगणकांत ही शिस्त आजही मुरलेली आहे.

पुढे तार जाऊन हवा आली. १९९९ मध्ये ११ मेगाबिटचं आणि २००३ मध्ये ५४ मेगाबिटचं वाय-फाय ठरलं. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झची लहर जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाली आणि राउटर घराघरांत शिरायला वाट मिळाली. पण हवा सगळ्यांची एकच. एका वेळी एकानेच बोलायचं. २००३ मध्येच फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की एक मंद यंत्र जोडलेलं असलं तर वेगवान यंत्रंही जवळपास त्याच्याच चालीने चालू लागतात. आम्हा मास्तरांना हे लगेच कळतं. वर्गात पुस्तक एकच आणि प्रत्येकाने एकेक पान वाचायचं असेल, तर अडखळत वाचणाऱ्यापाशी पुस्तक जास्त वेळ राहतं आणि हुशार मुलालाही थांबावं लागतं.

आणखी एक गंमत. दोन लॅपटॉप शेजारी ठेवले तरी साध्या वाय-फायवर फाइल सरळ जात नाही. आधी राउटरकडे जाते, तिथून दुसऱ्याकडे. दोन्ही खेपा एकाच हवेतून, म्हणून वेग निम्मा.

आता आमच्या घरचं सांगतो. नातेवाईक मंडळींनी हे जरूर वाचावं. थोरल्या अक्काच्या जात्यावरच्या ओव्या भाच्याने ती असताना चित्रित करून ठेवल्या होत्या. अक्का गेली, आता तो आवाज तेवढ्या फायलींतच उरला. भाचा नांदगावला एका रात्रीसाठी आला होता. फायली ४० गिगाबाइटच्या, घरातला पेन ड्राइव्ह १६ चा. वाय-फायवरून सेकंदाला अडीच मेगाबाइट जाऊ लागले. मी वहीवर गणित मांडलं : साडेचार तास. मध्ये वीज गेली तर सगळं लटकणार. सकाळी त्याला बडनेऱ्याहून गाडी.

"मामा, इंटरनेटचा प्लान वाढवून घ्या," तो म्हणाला.

"अरे, फाइल घराबाहेर जातच नाही, तर प्लान काय करणार?" मी म्हटलं.

मग दोन्ही संगणक तारेने राउटरला जोडले. वेग अकरा मेगाबाइट झाला, म्हणजे तासाभराचं काम. तरी मला शंका आली. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे हा वेग शंभर मेगाबिटच्या घरातला. राउटर आणि दोन्ही संगणक तर हजारचे. या तारेत वायरींच्या चार जोड्या असतात. शंभरला दोन पुरतात, हजारला चारही लागतात. एका तारेच्या टोकाशी एक बारीक वायर तुटलेली निघाली. तार बदलली आणि अक्काच्या सगळ्या ओव्या दहा मिनिटांच्या आत माझ्या संगणकावर आल्या. ज्यांना हव्या असतील त्यांनी कळवावं.

म्हणून सांगणं एवढंच. फाइल रखडली तर आधी वेग मोजा, आणि बिट की बाइट ते नीट बघा. मग दोन्ही यंत्रं तारेने जोडून पुन्हा मोजा. फरक पडला तर अडचण हवेत होती. शंभर मेगाबिटपाशीच अडलं तर तार आणि तिची टोकं तपासा, राउटर मुळातच शंभरचा नाही ना तेही पाहा. तरीही ढिम्म असेल तर जुनी हार्ड डिस्कच दमलेली असू शकते. नवा राउटर घ्यायचा विचार या सगळ्यानंतर.

आणि ज्यांच्या घरी म्हाताऱ्या माणसांचे आवाज एकाच मोबाइलमध्ये पडून आहेत, त्यांनी वेग कमी असला तरी आजच दुसरी प्रत करून ठेवावी. वेग नंतर वाढवता येतो.