शेजारचा खड्डा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त एका भिंतीचं.

२०१९ च्या मे महिन्यात गावाकडून काकांचा फोन आला. "अरे, चिरेत बोट जायलंय आता." परभणी जिल्ह्यातलं आमचं जुनं घर, माळवदाचं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: दगड-मातीच्या दोन-अडीच हात रुंद भिंती, त्यावर सागवानी तुळया, वर किलचन आणि पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात असं गार घर दुसरं नाही. पण त्याचा सगळा जीव पायात, आणि पाया उथळ. दोन माळवदं एकमेकांना खांदा देऊन उभी असतात. शेजाऱ्यांनी त्यांचं माळवद पाडलं, खाली तळघर आणि वर गाळे काढायचं ठरवलं, आणि जेसीबी लावून आमच्या भिंतीला लागून पुरुषभर खड्डा घेतला. आमच्या भिंतीचा खांदाच गेला!

काका शेजाऱ्यांकडे गेले. उत्तर मिळालं, "माझ्या जागेत खंदायलोय, तुमचं काय जातंय? आणि काम गुत्तेदाराला दिलंय, त्याला विचारा." मग काका वकीलसाहेबांकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो चिरेबद्दल नव्हताच. "घर किती वर्षांचं आहे, आणि कागद आहे का?"

हा प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटला. भिंत आज फाटतेय, वयाचं काय? म्हणून वाचायला लागलो, आणि गाडी थेट इंग्लंडातल्या न्यूकॅसलला जाऊन थांबली.

तिथे दोन जुनी घरं शेजारी शेजारी होती. त्यातल्या एकाचा १८४९ साली घोडागाड्यांचा कारखाना झाला. सत्तावीस वर्षांनी शेजारचं घर सरकारी कामासाठी पाडलं, खोल खणलं, आणि कारखाना कोसळला. डाल्टन विरुद्ध अँगस म्हणून हा खटला प्रसिद्ध आहे. हाउस ऑफ लॉर्ड्सने १८८१ साली निकाल दिला: इमारत वीस वर्षं शेजारच्या जमिनीच्या आधारावर उघडपणे उभी असेल, तर तो आधार हा तिचा हक्क होतो. आणि दुसरी गोष्ट, काम कंत्राटदाराला दिलं म्हणून मालकाला हात झटकता येत नाहीत. म्हणजे आमच्या शेजाऱ्यांच्या दोन्ही वाक्यांना उत्तर सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच देऊन झालं होतं!

लगेच पुढच्या वर्षी, १८८२ मध्ये, हिंदुस्थानात इझमेंट अ‍ॅक्ट आला. मसुदा व्हिटली स्टोक्स यांचा. त्यात दोन वेगळे हक्क आहेत. नुसत्या मोकळ्या जमिनीला शेजारच्या जमिनीचा आधार निसर्गतःच मिळतो, त्याला वर्षांची अट नाही (कलम ७). घराचं मात्र वजन पडतं, म्हणून घराला तो हक्क वीस वर्षांच्या निर्वेध वहिवाटीनंतर मिळतो (कलम १५). वकीलसाहेबांच्या प्रश्नाचा अर्थ आता लागला.

पण आमचा मुलूख तर निजामाचा. १८८२ साली तो ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हता. संस्थानाचे कायदे वेगळे, कोर्टाची भाषा उर्दू. १९४८ नंतर हे चित्र बदलत गेलं आणि आज आमच्याकडची कोर्टंही १८८२ चाच कायदा वाचतात. पण घरातले कागद काही बदलत नाहीत ना! आजोबांच्या ट्रंकेत खरेदीखत सापडलं ते उर्दूत. घरात कुणालाच वाचता येईना. शेवटी गावातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी चष्मा पुसत वाचून दाखवलं: १३४४ फसली. म्हणजे १९३४-३५. चतुःसीमेत शेजारच्या घराचाही उल्लेख. वीस कशाला, चौऱ्याऐंशी वर्षं झाली होती. काकू म्हणाली, "तो कागद मी दोनदा रद्दीत घालायला निघाले होते."

आता कायद्यातली मेख. त्याच इझमेंट कायद्याचं कलम ३४ म्हणतं की आधार काढून घेतला एवढ्यावर भरपाई मिळत नाही, प्रत्यक्ष भरीव नुकसान व्हावं लागतं. मुदतीची वर्षंही नुकसान झाल्यापासून मोजायची. हे एका परीने न्याय्य आहे, कारण खड्डा आज खणला आणि भिंत पाच वर्षांनी खचली तरी दावा मेलेला नसतो. पण भरपाईसाठी भिंत पडायची वाट बघायची? नाही. पुढचंच कलम ३५ मनाई हुकमाची वाट उघडी ठेवतं. नुसता धोका असला तरी ती मागता येते, मात्र त्या कामाने हक्काला बाधा येणारच हे दाखवावं लागतं.

फौजदारी बाजू त्याहून तोकडी. १८६० च्या दंड संहितेत कलम २८८ होतं: इमारत 'पाडताना किंवा दुरुस्त करताना' हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'बांधताना' हा शब्दच नव्हता! तो आला १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेच्या कलम २९० मध्ये. दंडही पाच हजारांपर्यंत गेला. तरी हे कलम त्या इमारतीच्या पडझडीने माणसाच्या जिवाला असलेल्या धोक्याबद्दल आहे. शेजाऱ्याच्या भिंतीबद्दल त्यात अवाक्षर नाही.

तुम्ही म्हणाल, ही खेड्यातली रडगाणी. पण २५ जून २०१८ ला मुंबईत वडाळ्याला काय झालं आठवा. शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यात भर पावसात रस्ता खचला, लॉइड्स इस्टेटच्या रहिवाशांच्या गाड्या खाली गेल्या आणि लोकांना घरं सोडून बाहेर पडावं लागलं. जुन्या रोमन कायद्यात शेजाऱ्याकडून धोका दिसत असेल तर नुकसान होण्याआधीच हमी मागता येत असे. इंग्लंडात १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याने शेजारच्या इमारतीपासून तीन मीटरच्या आत तिच्या पायापेक्षा खोल खणायचं तर महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. शेजाऱ्याला पहिली नोटीस मिळते ती भिंतीकडून.

आमचं काय झालं? दावा लावला, तूर्त मनाई मागितली. कोर्ट कमिशनर टेप घेऊन आले, चिरा मोजल्या, फोटो काढले. काकांनी आधीच चिरेवर तारीख लिहून कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. पट्टी फाटली की चीर वाढली. तो साधा उपाय सगळ्यांत कामाला आला. पावसाळ्याच्या तोंडावर तडजोड झाली. शेजाऱ्यांनी आधी आरसीसीची आधारभिंत बांधली, मग पुढचं काम. पण पूर्वेची खोली, जिथे आजी चूल मांडायची, ती उतरवावीच लागली. तिच्या भरपाईत पत्रे आले, माळवद नाही.

शेजाऱ्यांशी बोलणं अजून जेमतेम आहे. काका म्हणतात, "कोर्टानं भिंत वाचवली रे, शेजार नाही." खरंय. पण भिंत नसती वाचली तर शेजार तरी काय कामाचा होता?

असो. तुमच्याही ट्रंकेत असा एखादा न वाचता येणारा कागद असेल तर रद्दीत घालू नका. वाचणारी माणसं आहेत तोवर वाचून घ्या.